गावाच्या दवापाण्याचा पैसा कुठे लावावा? विदर्भातल्या वाटा शेजारी-शेजारी ठेवून

वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या कोरडवाहू गावात पैसा वर्षातून मोजक्या वेळीच हातात येतो. सोयाबीन दसऱ्याच्या सुमारास निघतं, कापसाचा चुकारा दिवाळीपासून पुढे, तूर संक्रांतीनंतर. जूनमध्ये बियाणं-खत घेतलं की पुढचे चार महिने घर उसनवारीवर चालतं. आणि आजारपण नेमकं याच चार महिन्यांत येतं. हगवण, हिवताप, डेंग्यू, निंदणाच्या दिवसांत साप, फवारणीच्या दिवसांत विषबाधा. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. घरात पैसा नसतानाचेच ते दिवस.

म्हणून गावात दवाखान्याची काही सोय लावायची चर्चा निघाली की स्वस्त काय, यापेक्षा मी दुसरंच आधी विचारते. ही व्यवस्था आपल्याकडून पैसा कधी घेते आणि उपचार कधी देते? सुगीत घेऊन पावसाळ्यात देणारी व्यवस्था मजुराच्या घराला पेलते. आजारी पडल्यावर हात पसरायला लावणारी व्यवस्था कितीही स्वस्त असली तरी सावकाराकडेच नेते.

खालची तुलना अशा गावासाठी आहे, जिथे बचत गटातल्या बायांनी किंवा ग्रामपंचायतीने काहीतरी करायचं ठरवलंय आणि घरामागे वर्षाला दोन-तीनशे रुपये काढायची लोकांची तयारी आहे. एकेकट्या कुटुंबालाही यातून आपला हिशोब मांडता येईल.

तालुक्याचा खाजगी डॉक्टर

बहुतेक घरं आज इथेच जातात. त्याला कारणं आहेत, आणि ती समजून न घेता लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. संध्याकाळी सात वाजता, वावरातून परत आल्यावर, हा दवाखाना उघडा असतो. डॉक्टर हजर असतो. घरच्यांना नावाने ओळखतो. सगळ्यात मोठं म्हणजे तो उधारी ठेवतो: 'कापूस विकला की द्या.' औषधाइतकीच ही उधारी लोकांना हवी असते, कारण पैशाच्या वेळेचा प्रश्न तिने सुटतो. यातले कितीतरी डॉक्टर याच मातीतले आहेत आणि मध्यरात्री दार उघडतात.

पण खरा खर्च फीपेक्षा मोठा असतो. तालुक्याला जायचं तर आजारी माणसाचा रोज बुडतो, सोबत जाणाऱ्याचाही बुडतो. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये धरला तर डॉक्टरच्या दारात पाय ठेवायच्या आधीच घराचे सव्वासहाशे रुपये गेले. बाईमाणसाला एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेवढाच दिलासा. त्यावर फी, इंजेक्शन, आणि 'अशक्तपणा आला' म्हणून लावलेली सलाईन, जिची बहुतेक वेळा गरज नसते. तोंडाने पाणी-पेज घेऊ शकणाऱ्या माणसाला ओआरएस पुरतं.

आणखी एक अडचण आहे. या दवाखान्याची कमाई आजारी माणूस आला तरच होते. बीपीची गोळी संपली म्हणून कोणी घरी येऊन विचारत नाही. त्रास होत नाही म्हणून रुग्ण गोळी सोडतो, आणि दोन वर्षांनी लकवा मारला की जमीन गहाण पडते. रोज गोळी घ्यावी लागते अशा आजारांसाठी ही वाट सगळ्यात महाग पडते. रात्रीबेरात्रीची गरज म्हणून ती राहू द्यावी. गावाचा पाया तिच्यावर रचू नये.

उपकेंद्र, पीएचसी आणि ग्रामीण रुग्णालय

कागदावर ही रचना उत्तम आहे. सपाट भागात ५ हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात ३ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र. ३० हजारांना, डोंगरी भागात २० हजारांना, एक प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजेच पीएचसी. वर ग्रामीण रुग्णालय. गावात साधारण हजार लोकांमागे एक आशाताई. तिच्याकडे हिवतापाची झटपट तपासणी, ओआरएस, लोहाच्या गोळ्या असतात. उपकेंद्रात आता नर्सबाईंसोबत समुदाय आरोग्य अधिकारीही असतो. तिशीपुढच्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासणं आणि पुढची औषधं चालू ठेवणं हे त्याचं काम आहे.

पैशाच्या बाजूने मोठा बदल १५ ऑगस्ट २०२३ ला झाला. त्या दिवसापासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे. पीएचसी, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, सगळी त्यात आली. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. नागपूरचं मेडिकल, यवतमाळ-अकोल्याची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहेत. हा निर्णय त्यांच्यासाठी नव्हता. 'सरकारी म्हणजे फुकट' असं समजून रुग्णाला मेडिकलला नेलं आणि तिथे पावती फाडावी लागली तर घरचे गोंधळतात. निघतानाच थोडे पैसे सोबत ठेवावेत.

मग लोक पीएचसीत का जात नाहीत? डॉक्टरचं पद रिकामं असतं. औषध संपलेलं असतं आणि हातात 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी पडते. वेळ सकाळची असते, म्हणजे पुन्हा रोज बुडाला. एकदा रिकाम्या हाताने परत आलेलं माणूस पुन्हा फिरकत नाही, आणि रुग्ण कमी झाले की तिथली औषधाची मागणी आणखी कमी लिहिली जाते.

इथेच मला गावाच्या पैशाचं आणि वेळेचं सगळ्यात जास्त मोल दिसतं. ही व्यवस्था आपल्या करातून आधीच उभी आहे, डॉक्टरचा पगार निघतो आहे, इमारत बांधलेली आहे. तीत जे थोडंसं कमी पडतं तेवढं भरून काढायला फार पैसा लागत नाही, पाठपुरावा लागतो. गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती प्रत्येक गावात असायला हवी. सरपंच, अंगणवाडी सेविका, आशाताई तिच्यात असतात आणि तिला थोडा अबंध निधीही येतो, म्हणजे कशावर खर्चायचा ते गावानेच ठरवायचा. पीएचसीला रुग्ण कल्याण समिती असते. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. पेसा गावांना, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या गावांना, २०१४-१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि तो आरोग्यासाठीही वापरता येतो. हा पैसा गावाचा आहे आणि ग्रामसभेत विचारून घेण्याचा आहे.

विचारल्याने फरक पडतो का? अमरावती जिल्हा २००७ पासून आरोग्य सेवांवरच्या लोकाधारित देखरेखीत होता. राज्यातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांपैकी एक. गावकऱ्यांनी दवाखान्याचं प्रगतिपत्रक भरायचं, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचायचं, आणि पुढच्या वेळी काय बदललं ते तपासायचं, अशी ती पद्धत. औषध नाही, सिस्टर राहत नाही, पैसे मागितले, हे चारचौघांत बोललं गेलं की उत्तर द्यावं लागतं. एकट्या रुग्णाने बोललेलं मात्र दारातच विरून जातं.

सेवाग्रामची ज्वारी

सेवाग्रामचं कस्तुरबा हॉस्पिटल आणि १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी तिथेच सुरू केलेलं महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय वर्धेकडच्या माणसाला नवं नाही. तिथले डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या आसपास आजूबाजूच्या गावांत एक आरोग्य विमा उभा केला. त्याचा हप्ता ज्वारीत होता. सुगी झाली की गावाने ज्वारी गोळा करायची. भूमिहीन मजुराची पायली कमी, ज्याचं वावर मोठं त्याची जास्त. गावातल्या बहुसंख्य घरांनी, साधारण ७५ टक्क्यांनी, सहभागी झाल्याशिवाय योजना सुरूच करायची नाही. त्या बदल्यात गावात आरोग्य सेवक, साधी औषधं, डॉक्टरांच्या भेटी. अचानक आलेल्या आजारात भरती करावं लागलं तर हॉस्पिटलचा खर्च नाही. आधीपासून माहीत असलेल्या गोष्टींना, म्हणजे साधं बाळंतपण, हर्निया, मोतीबिंदू, काही वाटा रुग्णाने द्यायचा.

या प्रत्येक अटीमागे विचार आहे आणि तो आजही तसाच लागू पडतो. हप्ता सुगीत घेतला, कारण तेव्हाच मजुराच्या घरात ज्वारी असते. ऐपतीप्रमाणे घेतला, कारण सारखी वर्गणी मजुराला जड आणि पाटलाला हलकी पडते. ७५ टक्क्यांची अट घातली, कारण फक्त आजारी घरंच आली तर वर्गणीची पेटी पहिल्याच वर्षी रिकामी होते. निरोगी घराने आज द्यायचं आणि उद्या त्याच्यावर वेळ आली की घ्यायचं, तरच ते चालतं. ठरवून करायच्या उपचारांना वाटा ठेवला, कारण त्यासाठी माणूस आधीपासून तयारी करू शकतो. साप चावल्यावर तयारीला वेळ नसतो.

जी गावं स्वतःची पेटी काढायचा विचार करताहेत त्यांनी एक गोष्ट मात्र नीट पाहावी. लोकांनी जमवलेल्या ज्वारीतून प्रामुख्याने गावातला खर्च निघत होता: आरोग्य सेवकाचं मानधन, औषधं, फिरतं पथक. हॉस्पिटलातला खर्च तेवढ्याने भागणं शक्यच नव्हतं. सेवाग्रामच्या संस्थेला निम्मा पैसा केंद्राकडून आणि पाव राज्याकडून येतो, त्यावर ते उभं होतं. म्हणजे गावाची पेटी मोठ्या दवाखान्याची जागा घेऊ शकत नाही. ती गाव आणि दवाखाना यांच्यामधलं अंतर कमी करू शकते. 'आपल्या पैशाने आपलं हॉस्पिटल' या कल्पनेच्या मागे लागून बुडण्यापेक्षा ही मर्यादा पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोललेली बरी.

आज ज्वारीचा पेराच फार उरला नाही, त्यामुळे वर्गणी रोखच घ्यावी लागेल. पण महिना तोच ठेवावा.

आरोग्यदूत

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने दाखवलं ते थोडं वेगळं आहे. ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. फार शिकलेल्या नाहीत, पण गावाचा विश्वास असलेल्या. नवजात बाळाचं वजन करणं, ऊब देणं, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्ग ओळखून घरीच इंजेक्शन देणं, हे त्या शिकल्या. काम सुरू होण्याआधी त्या गावांत हजार जन्मांमागे सुमारे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापलं. २०११ पासून आशाताईंकडून घरोघरी बाळाच्या भेटी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला, त्याचं मूळ इथे आहे.

आपल्या गावासाठी याचा अर्थ सरळ आहे. बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताई घरी यायला हवी. येते का? तिच्याकडे चालू वजनकाटा आणि थर्मामीटर आहे का? नसेल तर समितीच्या निधीतून घेता येतो. जीव वाचवायचा एवढा स्वस्त मार्ग दुसरा नाही, हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे. आशाताईच्या कामाला मान आणि वेळेवर मोबदला मिळावा यासाठी गावाने तिच्या पाठीशी उभं राहणं हाही आरोग्यावरचाच खर्च समजा.

मेळघाटात, हेमलकशात, 'सर्च'च्या शोधग्राममध्ये सेवाभावी दवाखाने आहेत. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प तर १९७३ पासून. ज्यांच्या जवळ आहेत त्यांचं भाग्य. पण तसा दवाखाना गावाने ठरवून आणता येत नाही. तो एखाद्या माणसाच्या आयुष्यभराच्या निर्णयातून येतो. त्याच्या भरवशावर आराखडा करता येत नाही, जवळ असला तर त्याच्याशी बोलून जोडून घेता येतो.

पाच लाखांचं कार्ड

राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि रेशनकार्डाचा रंग आता आड येत नाही. सत्तरीपुढच्यांना उत्पन्न न पाहता केंद्राच्या आयुष्मान योजनेचं वेगळं कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. कार्ड काढून घ्या, घरातल्या प्रत्येकाचं. मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या गडचिरोली-चंद्रपूरच्या कुटुंबांनी आयुष्मान कार्ड सोबतच न्यावं, ते राज्याबाहेरही चालतं.

पण हे कार्ड भरती झाल्यावरच्या उपचारांचं आहे. ताप, बीपीची गोळी, लहान बाळाची हगवण यांना ते लागू होत नाही. गरीब घराचा पैसा मात्र वर्षभर याच किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींत जातो. खाजगी विमा कंपन्यांच्या पॉलिसीचंही बहुतेक तसंच, वर हप्ता वेगळा. मजुराच्या घराने त्यावर पैसा घालू नये असं माझं मत आहे.

मग कोणत्या गावाने काय करावं

रस्त्यावरचं, पीएचसी दहा-बारा किलोमीटरवर असलेलं गाव: स्वतःचा डॉक्टर आणायचा नाद नको. पाया सरकारी, वर छोटी पेटी. हिशोब करून पाहा. २०० घरं आणि सरासरी ३०० रुपये धरले तर ६० हजार होतात. यात एमबीबीएस डॉक्टरचा एका महिन्याचा पगारही धड निघणार नाही. पण रात्री पीएचसीपर्यंत गाडीभाडं, बीपीचं यंत्र, शुगरच्या पट्ट्या, आणि उपकेंद्रात गोळी संपली तर त्या महिन्यापुरती जनऔषधी केंद्रातून, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानातून, आणलेली गोळी, एवढं वर्षभर निभतं. जनऔषधीतल्या किमती ब्रँडेड औषधांपेक्षा ५० ते ९० टक्के कमी असतात, त्यामुळे बीपीची अम्लोडिपिन किंवा शुगरची मेटफॉर्मिन यांसारख्या गोळ्यांचा खर्च पेटीला जड जात नाही. अर्थात डॉक्टरच्या चिठ्ठीवरच. १०८ ची गाडी मोफत आहे. पेटीतलं भाडं ती यायला उशीर लागेल तेव्हासाठी.

संध्याकाळच्या वेळेचा प्रश्नही पाहा. काही तालुक्यांच्या गावी सरकारचा 'आपला दवाखाना' दुपारी २ ते रात्री १० असा चालतो. जवळपास असेल तर खाजगीकडे जाणाऱ्यांपैकी बरेच तिकडे वळवता येतील.

एटापल्ली, भामरागड, धारणी, चिखलदऱ्याकडची लांबची गावं: इथे पेटीतला पैसा औषधापेक्षा वाहतुकीवर आणि आशाताईच्या सामानावर जावा. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ताच बंद होतो. गरोदर बाईला तारखेच्या आधीच पीएचसीजवळ नेऊन ठेवायचं, तिच्यासोबतच्या माणसाची जेवणाची सोय करायची, एवढ्यासाठी अबंध निधी वापरा. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या घरांची यादी आशाताईकडे हवी. त्यांना फॉलिक ॲसिड नियमित मिळतं का, हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू झालं का, लग्न जुळवण्याआधी मुलामुलींची तपासणी झाली का, हे वर्षातून एकदा तरी विचारा. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल दिव्यांगत्वात धरला आहे, त्याचं प्रमाणपत्र काढून घ्या.

सेवाग्रामसारखं हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर असेल तर स्वतःची वेगळी पेटी काढण्याआधी तिथे जाऊन त्यांच्या विमा योजनेचे आजचे दर आणि अटी विचारा. एका गावाने एकत्र जाऊन बोलणं एका घराने जाण्यापेक्षा कधीही चांगलं.

पेटी काढलीच तर तिच्यावर दोन बायांच्या सह्या असाव्यात, बँकेत असावी, हिशोब ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. वर्गणी एकराप्रमाणे, भूमिहीनाची सगळ्यात कमी, निराधार म्हातारी आणि एकल बाई यांची माफ. कर्ज म्हणून ती कोणालाही देऊ नये, बचत गटातल्या हुशार बायाही इथे फसतात, कारण दोन्ही पैसे एकाच हातातून फिरतात. गटाचं खातं आणि आजाराचं खातं वेगळं.

वेळापत्रक असं बसतं: २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव, दिवाळी ते संक्रांत वर्गणी, २६ जानेवारीला किती घरं आली त्याचं वाचन. ७५ टक्के झाली नाहीत तर पैसे परत द्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. झाली तर १ मेच्या ग्रामसभेत पीएचसीच्या डॉक्टरांना बोलवा आणि सगळ्यांसमोर विचारा: सापाच्या विषावरच्या इंजेक्शनच्या किती कुप्या आहेत, फवारणीच्या विषबाधेसाठी ॲट्रोपिन आहे का, हिवतापाच्या पट्ट्या आशाताईकडे कधी पोहोचतील, रात्री कोण हजर असेल आणि त्याचा फोन नंबर काय. उत्तरं लिहून घ्या, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. जूनला महिना शिल्लक असतो, जे कमी आहे ते मागवायला तेवढा पुरतो.